कुरिअरचे अकराशे

सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात फोनच्या बोर्डावर ज्ञानदा बसायची. दहाव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि त्यात तिची दृष्टी गेली. तेव्हापासून कान आणि बोटं यांच्यावरच तिचा सगळा कारभार. दवाखान्यातल्या कुठल्या डॉक्टरला सर्दी झालीय, कुठला कंपाउंडर घरून भांडून आलाय, हे ती नुसत्या ‘हॅलो’वरून सांगायची. पण बोर्डावर जन्म काढायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारपासून ड्यूटी, अशी ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला पोचली आणि तिथं अडकली.

अडकली ती पुस्तकांपायी. कायद्याची मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये कुठं मिळत नव्हती. धाकटा भाऊ शौनक तिला कॅसेटवर वाचून द्यायचा. पण एखादं कलम पुन्हा ऐकायचं तर टेप मागं-पुढं करण्यातच संध्याकाळ सरायची. करार कायद्याचा पेपर दोनदा गेला होता. मे महिन्यात तो सुटला नाही तर पुढच्या वर्षाला बसता येणार नव्हतं. घरात आई हळूच म्हणायला लागली होती, “पक्की नोकरी आहे ना हातात, मग कशाला जिवाला एवढा त्रास?”

हे एकोणीसशे नव्व्याण्णव साल. विश्रामबागेत नवीनच इंटरनेट कॅफे निघाला होता आणि शौनकचा मुक्काम बहुतेक तिथंच असे. एका संध्याकाळी तो सायकल आडवी टाकून घरात घुसला.

“ताई, मुंबईच्या एका कंपनीनं लिलावाची साइट काढलीय. कुणीही वस्तू ठेवायची, कुणीही बोली लावायची. तिथं ब्रेलमधली कायद्याची पुस्तकं आहेत. मराठी! करार, पुरावा, दिवाणी, सगळं आहे!”

ज्ञानदाला आधी खरंच वाटेना. मग रात्रभर तिला झोप आली नाही.

बोलीच्या शेवटच्या दिवशी दोघं कॅफेत जाऊन बसली. आणखी कुणीतरी बोली चढवत होतं. मधेच लाइन तुटली. मोडेम पुन्हा किरकिरायला लागला तशी ज्ञानदानं शौनकचं मनगट घट्ट धरलं. लाइन लागली, त्यानं शेवटचा आकडा टाकला आणि ओरडला, “साडेतीनशेला आपली!”

चार दिवसांनी विक्रेत्याची ईमेल आली. शौनक वाचता वाचता थांबला.

“काय झालं?”

“पुस्तकांचे साडेतीनशे. पाठवणी आणि पॅकिंगचे अकराशे.”

“हे आधी कुठं लिहिलं होतं?”

“कुठंच नव्हतं, ताई. मी सगळं पान दोनदा वाचलं होतं.”

ज्ञानदानं लगेच उत्तर लिहायला लावलं. अंधांच्या पुस्तकांना टपालखर्च माफ असतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकांचे गठ्ठे तसेच तर घरी यायचे. दुसऱ्या दिवशी उलट जबाब आला, की पुस्तकं पोस्टानं जाणार नाहीत, कुरिअरनं जातील, आणि कुरिअरला असली माफी नाही. आठवड्यात पैसे आले नाहीत तर माल दुसऱ्या बोलीवाल्याला जाईल.

संपर्कासाठी शौनकनं साइटवर दवाखान्याचा नंबर दिला होता, आणि त्याच आठवड्यात तिथल्या तिच्या बोर्डावर एक फोन आला. जोडून द्यायचा म्हणून ती नाव विचारायला गेली, तर पलीकडून आवाज आला, “मॅडम, तुमच्याशीच बोलायचंय. पुस्तकांचं काय ठरलं? मला दुसरीकडून विचारणा आहे.”

तरुण आवाज होता, गोड, ‘मॅडम’ म्हणताना शेवटी किंचित वर जाणारा. तिनं विचारलं, “तुम्ही कुठून बोलताय? मी माणूस पाठवून पुस्तकं घेऊन जाते.”

“तसं चालत नाही, मॅडम. कंपनीचा नियम आहे,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

पगाराला अजून अवकाश होता. परीक्षेच्या फीसाठी आणि नव्या टेपरेकॉर्डरसाठी साठवलेलं सगळं तिनं काढलं आणि मुंबईच्या कंपनीच्या नावानं ड्राफ्ट पाठवला. शौनक चिडला. “हा सरळ लुबाडतोय आपल्याला.”

“लुबाडतोय, कळतंय मला. पण पुस्तकं त्याच्याकडे आहेत आणि परीक्षा माझी आहे.”

मार्च संपला तरी काही आलं नाही. कंपनीला लिहिलं तर उत्तर यायचं, विक्रेत्याशी संपर्क करा. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तरच यायचं नाही. ज्ञानदाचं जेवणावरचं लक्ष उडालं. दारावर जरा वाजलं की ती उठायची. बोर्डावर दोनदा चुकीचे फोन जोडले म्हणून साहेबांची बोलणीही खाल्ली.

आणि तिच्या सुट्टीच्या एका दुपारी गल्लीतून हाक आली, “ज्ञानदाताई, या बाहेर! बैलगाडीभर टपाल हाय तुमचं!”

पोस्टमन भाऊसोची हाक होती ती. ज्ञानदा दाराशी गेली आणि तिथंच थबकली. पोस्टमन कसा काय आला?

भाऊसोनं गोणपाटात शिवलेले गठ्ठे ओसरीवर टाकले. ती खाली बसली आणि एकेका गठ्ठ्यावरून सावकाश हात फिरवू लागली. गोणपाट, सुतळी, वर डकवलेला पत्त्याचा कागद. कुरिअरची पावती नाही, त्यांची प्लॅस्टिकची पिशवी नाही. कोपऱ्यांवरून बोटं पुन्हा पुन्हा गेली. तिकीटही नव्हतं.

“भाऊसो, याच्यावर किती तिकिटं आहेत?”

“एक बी न्हाई. आंधळ्यांचं साहित्य म्हणून लिवलंय वर. फुकट आलंय बगा.”

“शिक्का कुठला आहे?”

भाऊसोनं गठ्ठा उजेडाकडे वळवला. “सातारा.”

 सातारा! सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ. एक पैसा खर्च न करता ज्यानं गठ्ठे पोस्टात टाकले, त्यानं तिचे अकराशे रुपये खिशात घातले होते.

तिनं पहिला गठ्ठा उसवला. जाड कागदांची, हातानं टाके घालून बांधलेली वही निघाली. छापखान्यातलं हे काम नव्हतं. ब्रेलच्या पाटीवर कुणीतरी एकेक ठिपका हातानं टोचला होता. काही ठिपके खोल, काही उथळ. दमून लिहिलेल्या ओळी बोटांना वेगळ्या कळत होत्या. पहिल्याच पानावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. वीरधवल, मंगळवार पेठ, सातारा.

म्हणजे फोनवरचा तो गोड आवाज याचाच? एका आंधळ्यानं दुसऱ्या आंधळ्याला असं फसवलं? हे मात्र तिला सहन होईना.

रविवारी पहाटेच्या एसटीनं ती आणि शौनक निघाली. कराड मागं पडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. शौनक मुठी आवळत म्हणाला, “समोर आला की मी त्याला सोडणार नाही.”

“तू काही बोलायचं नाहीस. मी बोलेन.”

मंगळवार पेठेत विचारत विचारत दोघं एका दोन खोल्यांच्या घरापाशी पोचली. दार एका बाईनं उघडलं.

“वीरधवल इथंच राहतात का?” ज्ञानदानं कोरडेपणानं विचारलं.

 शौनकनं बहिणीचा हात दाबला. समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो त्याला दिसला होता.

“ऱ्हायचा,” बाई म्हणाली. “गेल्या दिवाळीच्या आदी गेला. किडन्या खराब झाल्या. मी त्याची आई, लीलाबाई. तुमी कुठनं आलाय, पोरी?”

ज्ञानदानं वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं जागच्या जागी विरलं. तिनं आपलं नाव सांगितलं आणि पिशवीतली वही पुढं केली. लीलाबाईंनी ती घेतली नाही, वहीवर नुसता हात ठेवला.

“पोचली का तुला? लय बरं झालं! कोपऱ्यावर कंप्युटरवाला हाय, अनीश. तो म्हनला, मावशी, इंटरनेटवरनं आंधळ्या पोरांना हुडकून देतो. म्हनलं, ने बाबा. माज्या घरात आता ह्ये वाचनारं कोन हाय?”

चहा टाकता टाकता त्या सांगत राहिल्या. नवरा फौजेत, मूळ गाव कोरेगावाकडं. पोरगा बारावीत असताना डोळ्यांनी गेला. वकील व्हायचंच म्हणून हट्टाला पेटला. लीलाबाईंची शाळा सातवीपर्यंत. रोज दुपारी आई कायद्याची पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि पोरगा पाटीवर टोचत बसायचा. “सुरवातीला मला एक शबूद कळायचा न्हाई. मग कळाया लागलं. चुकीचं वाचलं तर भांडायचा माज्यासंगं.”

लीलाबाईंना काय सांगावं, की काहीच न सांगता परत फिरावं, हे ज्ञानदाला ठरवता येईना. कप तसाच तिच्या हातात निवत होता. पण शौनकच्या तोंडून निघून गेलं, “मावशी, त्यानं फुकट नाही दिली. लिलावात विकली.”

लीलाबाईंच्या हातातली चिमट्यात धरलेली पातेली शेगडीवर आदळली.

“इकली?”

 लीलाबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. ज्ञानदा शौनकचा हात धरून मागोमाग.

कोपऱ्यावरच्या दुकानात पंखा घरघरत होता. रविवार असल्यामुळं गिऱ्हाईक नव्हतं. “या मावशी!” आवाज आला. ज्ञानदानं तो तिथल्या तिथं ओळखला.

“नमस्कार,” ती म्हणाली. “मी सांगलीहून आले. कुरिअरनं पाठवलेली पुस्तकं पोस्टमननं आणून दिली.”

 अनीश म्हणाला, “काहीतरी गैरसमज होतोय, मॅडम. ते काम माझा एक मित्र बघतो. माझा संबंध नाही.”

“‘मॅडम’ म्हणताना तुमचा आवाज शेवटी वर जातो. दवाखान्यात फोन केलात तेव्हाही गेला होता. माझा धंदाच आवाजाचा आहे.”

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. अनीशचा सूर बदलला. “बरं, मीच केलं. पण बोली तुम्ही स्वतः लावली ना? कुणी जबरदस्ती केली होती? कनेक्शनचा खर्च आहे, कंपनीचं कमिशन आहे, माझी मेहनत आहे. सगळेच विक्रेते असं करतात. किंमत कमी ठेवायची आणि पाठवणीत वसूल करायचं.”

शौनक पुढं सरकला. ज्ञानदानं त्याला हातानं अडवलं. तिचा स्वतःचा आवाज आता चढला होता. ते तिला कळत होतं आणि आवडत नव्हतं.

“बोली मी लावली. ते साडेतीनशे मी परत मागत नाही. त्याचा हिशोब तुम्ही आणि मावशी बघा. पण जे कुरिअर झालंच नाही, त्याचे अकराशे माझे आहेत. ते घेतल्याशिवाय मी या दुकानातून हलणार नाही.”

“आणि नाही दिले तर?”

उत्तर लीलाबाईंनी दिलं. इतका वेळ त्या दाराशीच उभ्या होत्या.

“अनीश, साडेतीनशेला गेला व्हय रं माजा वीरू?”

त्या ओरडल्या नाहीत.  “मावशी, तसं नाही…” अनीश म्हणाला.

“तू लहान असताना ह्याच पोरानं तुला गनितं शिकवली. हाताला धरून तूच त्याला कोर्टापातूर न्ह्यायचास. मागितले असतेस तर पैसं बी दिले असते मी. पोरीला आंधळी बगून लुबाडलंस?”

 मग गल्ला उघडल्याचा आवाज झाला. गल्ल्यात निम्मेच पैसे होते. अनीशनं ते मोजून शौनकच्या हातात दिले. उरलेले मनीऑर्डरनं पाठवीन म्हणाला. त्याचा गोडवा पार गेला होता आणि ‘मॅडम’ तर त्याच्या तोंडी पुन्हा आलंच नाही. लीलाबाईंनी विचारलं, “बाकीच्या वह्या?” तेव्हा मागच्या खोलीतून त्यानं आणखी दोन गठ्ठे आणले. ते दुसऱ्या दोघांनी बोलीत घेतले होते. पाठवणीचे पैसे अजून यायचे होते.

ज्ञानदानं त्या दोघांचे फोन नंबर मागून घेतले. एक मुलगा नगरचा होता, एक बाई अकोल्याच्या. रात्री सांगलीला परतल्यावर तिनं दोघांनाही फोन लावले आणि एक रुपयाही पाठवू नका म्हणून सांगितलं. सोमवारी लीलाबाईंनी स्वतः पोस्टात जाऊन दोन्ही गठ्ठे टाकले. साडेतीनशे रुपयेही अनीश त्यांच्या हातावर ठेवायला गेला होता, पण त्यांनी घेतले नाहीत. उरलेल्या पैशांची मनीऑर्डर ज्ञानदाला आली, पण लीलाबाईंनी दोनदा दुकानाची पायरी चढल्यावर.

मे महिन्यात ज्ञानदा पेपरला बसली. लेखनिकाला कलमं सांगताना तिची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. करार कायदा सुटला. पुराव्याचा मात्र दोन गुणांनी गेला आणि तो पुढच्या खेपेला काढावा लागला. पुढं तिला वकिलीची सनद मिळाली तेव्हा लीलाबाई साताऱ्याहून आल्या होत्या. तिच्या आईनं त्यांना चार दिवस ठेवून घेतलं.

कायदे बदलत होते. वीरधवलच्या वह्यांत नव्या दुरुस्त्या नव्हत्या. लीलाबाईंच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानदानं ब्रेलची पाटी काढली, कोरा जाड कागद अडकवला आणि शौनकला हाक मारली. तो घरी नव्हता.

“आन हिकडं ते पुस्तक,” लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, पान काढलं, घसा साफ केला. पहिलं वाक्य वाचून झालं तरी टोचणीचा आवाज येईना, तशा त्या थांबल्या.

“लय भराभर वाचलं का गं?”

“नाही मावशी,” ज्ञानदा म्हणाली. “वाचा तुम्ही.”