गाडी डावीकडून आली

आधी वेबर आजोबांचं नाव घेतो. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या एका लहान स्टेशनावर त्यांनी माझ्या बुलेटप्रूफ जॅकेटचा पाठीमागचा पट्टा धरून मला मागं ओढलं. रेल्वेतून रिटायर झालेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. लेकीची वाट पाहत बाकावर बसले होते. ते नसते तर हे लिहायला मी नसतो.

मी नागपूरचा. वडील लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर होते. नववीत शाळा सुटली. बुटीबोरीत सूतगिरणीत लागलो, तिथून दुबई, दुबईहून फ्रान्स. तिथल्या सैन्यात परदेशी माणसांनाही घेतात. दहावी पास आहेस का, असं कोणी विचारत नाही. पळवतात, दांड्याला लटकवतात, टिकला तर ठेवतात. पाच वर्षांचा करार.

आईनं फोनवर विचारलं, "दुसऱ्याच्या देशासाठी काहून मरून राहिला गा?"

"मरून नाही राहिलो वं माय. ड्युटी करून राहिलो."

हल्ले होऊ नयेत म्हणून स्टेशन, बाजार, चर्च यांच्याभोवती तिघातिघांची गस्त, ही ती ड्युटी. दर दोन महिन्यांनी नवा प्रांत. त्यामुळं एकाच देशात किती देश आहेत ते पायी पाहिलं. दक्षिणेत सगळं ऑलिव्हच्या तेलात. दुपारी दोन तास दुकानं बंद, आणि लोक साधं बोलले तरी भांडल्यासारखे हात हलवतात. पश्चिमेला ब्रिटनीत तेलाऐवजी खारं लोणी, करड्या दगडाची घरं, पाऊस आडवा. आल्सासमध्ये लाकडी चौकटींची घरं, धुराड्यांवर करकोचे, ताटात आंबवलेली कोबी आणि डुक्कर. म्हातारी माणसं आपसात जर्मनसारखं काहीतरी बोलतात. घरी सांगायला हे सगळं मी एका वहीत लिहायचो.

माझ्यासोबत कॉर्पोरल तमांग, नेपाळचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही हिंदीत बोलायचो. मला तो नागपूरच म्हणे, मी त्याला दाई, म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ.

"अबे नागपूर, वहीत लिही. आज परत कोबी."

"लिहिलं दाई. काल पण कोबी."

"मग उद्याचं पण आताच लिहून टाक."

माझी फ्रेंच कच्ची होती. रेडिओवर आलेली ऑर्डर आपण चुकीची समजू, ही धास्ती मला रोज असायची. तमांग ती हळूच हिंदीत सांगे. त्याच्यामुळं माझी एकही ऑर्डर चुकली नाही.

त्या शनिवारी आम्ही १६०० वाजता आल्सासमधल्या त्या स्टेशनावर पोचलो. तिसरा आमचा सार्जंट, पोर्तुगीज. १६१७ ला तिकीटघरातून किंकाळी आली. एका माणसानं दोघांना चाकू मारला होता. एक म्हातारा उताणा, हालचाल नाही. एक बाई फरशीवर बसलेली, हात गळ्याशी, बोटांमधून रक्त. चाकूवाला फलाटावर धावला, खाली उडी मारून रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर चढला. तिथं वीसेक प्रवासी होते. त्यानं एका मुलीचे केस धरले.

रेडिओवर सार्जंट बोलला. तमांगनं मला सांगितलं, "सार्जंट सबवेतून जातोय. आपण रुळांवरून. गोळी नाही, मागं लोक आहेत."

आम्ही फलाटाच्या काठाशी आलो. डाव्या हाताला लिफ्टची भिंत, तिच्यापलीकडचं दिसत नव्हतं. नागपुरात मी रूळ ओलांडतच मोठा झालो. आपल्याकडं गाड्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून जवळच्या रुळावर गाडी येते उजवीकडून. दक्षिणेत आणि ब्रिटनीतही मी तसंच पाहिलं होतं. मी उजवीकडं पाहिलं. रूळ मोकळा होता.

"क्लिअर," मी म्हणालो.

तमांग उतरला. मी वाकलो. मागून कोणी ओरडलं, पट्टा खेचला गेला आणि मी पाठीवर पडलो. गाडी डावीकडून आली. त्या स्टेशनावर न थांबणारी गाडी होती. तिनं तमांगला उचललं. त्याची रायफल वाकून फलाटावर येऊन पडली. माझ्या तोंडावर रक्त होतं. ते माझं नव्हतं.

गाडीपलीकडून दोन गोळ्यांचा आवाज आला. मग रेडिओ. "हल्लेखोर खाली. मुलगी ठीक. तमांग?"

मी बटण दाबलं. एकही फ्रेंच शब्द आठवेना. हिंदीत म्हणालो, "तमांग नहीं रहा."

सार्जंटला हिंदी येत नव्हती. त्याला समजलं.

वेबर आजोबांनी नंतर मला सांगितलं. आल्सास जवळजवळ पन्नास वर्षं जर्मनीकडं होता. रेल्वेची पद्धत तेव्हाची. बाकी फ्रान्समध्ये गाड्या डाव्या बाजूनं चालतात, इथं अजून उजव्या. माझ्या वहीत हे नव्हतं.

'क्लिअर' मी म्हणालो, हे मी जबाबात सांगितलं. शिक्षा झाली नाही. तमांगच्या बायकोलाही फोनवर सांगितलं.  तिनं विचारलं, "उतरण्याआधी त्यानं स्वतः पाहिलं का?"

"नाही."

"मग भरवसा होता त्याचा तुमच्यावर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गळ्याला चाकू लागलेली बाई वाचली. म्हातारा गेला. कॉर्पोरल तमांग गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याला गाता येत नव्हतं, तरी बूट पॉलिश करताना रोज गायचा. त्याच्याइतके चकचकीत बूट सेक्शनमध्ये कोणाचे नव्हते.

करार संपवून मी परत आलो. आता बुटीबोरीत सिक्युरिटीत आहे. गेटवरून ट्रक सोडताना दोन्हीकडं दोनदा पाहतो, पोरं हसतात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वेबर आजोबा त्या फलाटावर फुलं ठेवतात आणि मला फोटो पाठवतात. गेल्या फोटोत त्यांच्या हातात काठी होती. आजोबा, मी येईन. तुम्ही बाकावर बसा. त्या शनिवारी फुलं मी ठेवीन.