पट्टीचा सुटलेला कोपरा

१२ नोव्हेंबरच्या दुपारी मी वन्संच्या पलंगावरची चादर बदलायला घेतली. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पोटावरचा पदर घट्ट धरून. तो पदर मला खटकला, कारण झाकलेल्या वस्तूचा एवढा राग असलेली दुसरी बाई ठाण्यापासून कल्याणपर्यंत सापडायची नाही.

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण नौपाड्यात एकटी राहते. शिंप्याकडून आलेला ब्लाउज आधी उसवून शिवण तपासणार, मग स्वतः पुन्हा शिवणार. मिठाईचा पुडा दुकानातच सोडायला लावणार. नवा मिक्सर घरी आल्या आल्या त्यांनी खोलला. गॅरंटी गेली, पण आत सगळं जागच्या जागी आहे म्हणून त्या समाधानानं जेवल्या. अशा बाईला पित्ताशयात खडे झाले, आणि डोंबिवलीत आमच्या घराजवळचे डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून काढू, चार छोटी छिद्रं पुरतील.

"भोकातून काय कळणार? सरळ उघडा, बघा, काढा."

"मावशी, मोठी चीर म्हणजे जंतूंना मोठं दार. त्यात तुमची साखर वाढलेली. छिद्रांमध्ये ती भीती बरीच कमी."

"मग दार पुसून घ्या की!"

माझ्या नवऱ्यानं हात जोडले तेव्हा कुठे सही झाली. पण पित्ताशय आजूबाजूला इतकं चिकटलेलं निघालं, की शेवटी पोट उघडावंच लागलं. शुद्धीवर आल्यावर वन्संचं पहिलं वाक्य, "म्हटलं नव्हतं?" नवरा हसला. मला काही हसू आलं नाही. बरगडीखाली वीतभर टाके होते. पट्टी दवाखान्यातच उघडायची, घरी हात लावायचा नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं आणि मी वन्संना आमच्याकडे आणलं.

ऑपरेशनला त्या दुपारी सहा दिवस झाले होते.

"वन्सं, पदर बाजूला करा."

"कशाला गं?"

"करा म्हणते ना."

पट्टीचा एक कोपरा सुटला होता, चिकटपट्टी मळली होती.

"किती वेळा उघडलीत?"

"रोज एकदा. नुसतं बघायला. हात धुऊन हं!"

कडेची कातडी लाल, हाताला गरम. ताप शंभराच्या वर. डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळी सगळ्यांत आधी या, पण थंडी वाजली किंवा ताप चढला तर सकाळची वाट बघू नका.

मी बरंच बोलले. थोरल्या नणंदेला बोलू नये तसं बोलले. पदर पुन्हा पोटावर ओढून त्या म्हणाल्या, "ह्यांचा पाय तू पाहिला नाहीस. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट. साधी जखम. सगळे म्हणाले, झाकून ठेवा. वरून पट्टी पांढरीशुभ्र. उघडली तेव्हा आत सगळं काळं. पाय गेला, मग हेही गेले."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि पुन्हा ताप मोजला. चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन टाके काढले. आडवं झाल्यावर वन्संना पोट दिसेना, मान उचलायला मनाई. त्यांनी माझं मनगट धरलं. मी वाकून पाहिलं आणि त्यांना सांगत गेले, "पू आहे, चमचाभर. आता धुतायत. खालचं मांस लाल आहे, वन्सं. काळं नाही."