आधी चष्मा

महाडला आमच्या शेजारी कोर्टातले एक कारकून राहत. आम्हा दोघांकडेही छऱ्यांची बंदूक होती. रविवारी सावित्रीच्या काठी आम्ही रिकामे डबे टिपायचो. नेम माझा चांगला, पण लोक जमत ते त्यांच्याभोवती. ते आधी नळी फडक्याने पुसत, स्प्रिंगला तेलाचा थेंब देत, मग डोळ्यांच्या बचावासाठी मुंबईहून मुद्दाम आणलेला जाड काचेचा चष्मा चढवत. मला तो सगळा दिखावा वाटे.

एकदा माझ्या बायकोने बंदूक मागितली. मी तिला नेम धरायला शिकवू लागलो.

"थांबा वहिनी, आधी चष्मा," म्हणत त्यांनी स्वतःचा चष्मा तिला दिला आणि आपले डोळे सांभाळायला ते पाठ फिरवून उभे राहिले.

तिने चाप ओढला. छरा कातळावर आपटून उलटला आणि थेट चष्म्यावर बसला. काचेला तडा गेला, डोळा वाचला.

मी धावत गेलो. तिने माझा हात घट्ट धरला, पण बघत होती त्यांच्याकडे.

"भावजी, तुम्ही होतात म्हणून!"

"काच जाड घ्यावी, एवढंच," ते म्हणाले.

आभार मलाही मानायचे होते. पण तिच्या आवाजातला तो ओलावा माझ्या वाट्याला कधी आला होता, तेच मी आठवत राहिलो.