अकिलाच्या नावानं

भोरच्या एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत इंद्रजितची सॉफ्टवेअर कंपनी होती. अकिला तिथं पहिल्या दिवसापासून. शाळांची निकालपत्रकं करणारा प्रोग्राम तिनं सहा वर्षं खपून लिहिलेला. मार्गासनीची सोनिया नोकरीला लागली तेव्हा तिला सगळं काम अकिलानंच शिकवलं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवून शिकवलं.

२००७च्या फेब्रुवारीत सारोळ्याच्या एका दुकानात तोच प्रोग्राम विकायला आला. अगदी चुकांसकट तोच.

प्रोग्रामचा कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाण, पुण्याच्या सर्व्हरवर असायचा आणि त्याची प्रत कुणी घेतली याची नावानिशी नोंद व्हायची. इंद्रजितनं ती नोंद काढली.

"बुधवारी अकरा वाजता सगळा कोड तुमच्या नावानं उतरवलाय, ताई. पासवर्डपण तुमचाच."

"पासवर्ड माझा असंल. मी न्हवते."

"मग काय भूत आलं व्हतं?" त्यानं ऑफिसची किल्ली मागून घेतली. सोनिया समोरच होती. तिनं मान वर केली नाही.

त्या बुधवारी अकिला निकालपत्रकांच्या कामासाठी विंझरच्या शाळेत होती. ती पुन्हा तिथं गेली तेव्हा कुंडलिक गुरुजींनी भेटवही उघडून दाखवली. "दहा ते दोन हितंच व्हता तुमी. लिहूनच देतो."

ती चिठ्ठी घेऊन ती ऑफिसात गेली आणि इंद्रजितसमोर आपल्या कॉम्प्युटरवरची एक फाईल उघडली. सर्व्हरला जोडणारं टूल एकदा दिलेला पासवर्ड त्या फाईलमध्ये ठेवून द्यायचं. कुलूप नाही, काही नाही. तिचा पासवर्ड म्हणजे अम्मीचं नाव आणि जन्मसाल, कुणालाही वाचता येईल असं. त्या खुर्चीत तिच्याशिवाय एकटी सोनियाच बसायची.

अकिला तशीच मार्गासनीला गेली. सोनिया अंगणात होती. आधी नाही म्हणाली, मग रडली.

"सारोळ्याचे दुकानवाले मोठी नोकरी देतो म्हनले, ताई."

"मग माझं नाव कशाला घेतलंस?"

"माझ्या नावानं सगळा कोड उघडत न्हवता. आन् तुमच्यावर कुनी संशय घ्यायचं न्हाई, असं वाटलं."

अकिला आल्या पावली परतली.

दोन दिवसांनी इंद्रजित अकिलाच्या घरी आला. "चुकलो, ताई. उद्यापासून या."

"तुमी केलंत का, एवढं एकदा इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "सहा वर्षं एका खोलीत बसलो आपन."

तिनं त्याला चहा दिला, पण ऑफिसात ती पुन्हा गेली नाही. जूनपासून विंझरच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागली.