मागून नेलेली शमादानं

डब्लिनला नर्सची नोकरी लागली. मुकुंदवाडीच्या घरातून निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि मी बॅगेची चेन लावता लावता मायला म्हणाले, "ती शमादानं नेऊ का गं मी?"

मेणबत्त्या लावायची जुनी चांदीची जोडी होती ती. माझे पणजोबा छावणीत एका इंग्रज साहेबाकडं खानसामा होते. साहेब मायदेशी जाताना देऊन गेला. आमच्याकडं ती बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं असायची. लाईट गेली की एक माझ्या पुस्तकांजवळ यायचं. गल्लीत लग्न, नामकरण असलं की वंदनेसाठी शेजारी मागून न्यायचे. परत आल्यावर मेण काढायला माय चाकू लावू द्यायची नाही. "गरम पाण्यात धर, आपसूक सुटतं."

त्या सकाळी मायनं ती फोटोपुढून उचलली. मग दोन्ही पदरानं पुसून बॅगेत ठेवली.

"एकच दे," मी म्हटलं.

"जोडी फोडू नाय."

तिकडं घरमालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, खोलीत मेणबत्ती लावायची नाही, अलार्म वाजतो. शमादानं खिडकीत राहिली. मैत्रिणी 'अँटिक' म्हणून हातात घ्यायच्या, मला भारी वाटायचं. पुढं एकावर केसांची रबरं, दुसऱ्यावर हेडफोन. चांदी काळी पडली. माय दर रविवारी फोनवर विचारायची, "लावतीस ना गं?"

"लावते," मी बिनदिक्कत सांगायचे.

तिसऱ्या वर्षी मावशीचा फोन आला. माय स्टीलच्या झाकणावर मेणबत्ती चिकटवून वंदना म्हणत होती. मेण पातळ झालं, मेणबत्ती कलंडली, फोटोखालचं कापड पेटलं. मायनं ते हातानंच विझवलं. या गोष्टीला महिना झाला होता. मला कळवायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. महिनाभर व्हिडिओ कॉलवर तिचा उजवा हात पदराखाली होता. मी परक्यांच्या जखमांच्या पट्ट्या रोज बदलत होते आणि मायचा हात कुठं आहे, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

सुट्टी काढून घरी गेले, जोडी तिच्यापुढं ठेवली. "माय, मी एकदाबी लावली नाय."

"ठावं हाय मला. खिडकीत दिसायची की. रबरं अडकवलेली."

"मग दर रविवारी विचारायचीस कशाला?"

"तेवढंच बोलणं वाढायचं," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. भांडं डाव्या हातानं उचललं.

शमादानं तिथंच ठेवून परत आले. ओझं काही तिथं राहिलं नाही. तुमच्यातलं कुणी मागं राहिलं असेल, कुणी माझ्यासारखं निघून आलं असेल. घर म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. मला ते आता फोनच्या काचेत दिसतं. रविवारी मी आधी हात दाखवायला सांगते. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

"दुखतं का गं?"

"नाय, बिलकुल नाय," ती म्हणते. खरं सांगते, की मी सांगायचे तसं, ते इथून कळत नाही.