नानांची जास्तीची ओळ

“नानाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो,” शेठ फोनवर म्हणाले.

चोपड्याजवळचं त्यांचं रायपनिंग चेंबर बंद पडलं होतं. चेंबर म्हणजे बंद, थंड खोली. कच्ची केळी तिथे चार-पाच दिवस ठरलेल्या तापमानात पिकवतात. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर माझं. सकाळपासून ते सुरूच होईना आणि आत गाडीभर माल तापत होता.

मी जळगावहून रिमोटवर कॉन्फिग फाइल उघडली. म्हणजे कुठल्या खोलीत किती तापमान, किती दिवस, याची यादी. ती मी जेसन नावाच्या फॉरमॅटमध्ये ठेवली होती. सगळे वापरतात म्हणून. एवढाच काय तो माझा विचार. त्यात साच्याबाहेरचा एक शब्द आला तरी सॉफ्टवेअर अख्खी फाइल नाकारतं. आणि नानांनी, म्हणजे चेंबरच्या ऑपरेटरनी, आकड्याशेजारी अहिराणीत लिहून ठेवलं होतं: ‘माल कवळा शे, म्हनीसन एक दिवस जास्ती.’

ओळ काढली. मशीन सुरू झालं, माल वाचला. नानांची नोकरी मात्र लटकलेलीच होती.

नानांना फोन केला. बिचारे ओशाळले. पूर्वी भिंतीवर फळा होता, आकडा बदलला की बाजूला कारण लिहायचं, कोणी विचारलं तर असावं म्हणून, असं सांगू लागले. कोणी विचारतं का, म्हटलं.

“कोन्ही नही,” ते म्हणाले.

शेठचं म्हणणं, फाइलला पासवर्ड टाका, नानाची कटकटच नको. मलाही ते सोयीचं होतं. हा माझा एकच पक्का क्लायंट. पार्टनर पुण्याला गेल्यापासून ऑफिसात मी एकटा. दिवस दिवस कोणाशी बोलणं होत नाही, आणि खरं सांगतो, ते खातं. तरी मन घट्ट करून म्हटलं, “शेठ, चूक माझी आहे. कारण लिहायला मी जागाच ठेवली नव्हती.”

शेठ म्हणाले, “मग ठेवा.”

आयएनआय हा जुना, साधा फॉरमॅट घेतला. त्यात ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम दिला की सॉफ्टवेअर ती ओळ सोडून देतं. नाना कामावर राहिले. धडा एवढाच, की फॉरमॅट ठरवण्याआधी फाइल भरणाऱ्या माणसाला भेटून यावं.

फाइलची कॉपी रोज माझ्याकडे येते. आधी त्यात फक्त मालाचं असायचं. परवा सगळ्यात खाली होतं: ‘; आज दिनभर कोन्ही उनं नही.’

मी रिमोटवर मूळ फाइल उघडून त्याखाली लिहिलं, ‘; इथेही कोणी आलं नाही, नाना.’

फाइल सेव्ह केली. मशीन चालू राहिलं.