तपासनीस बाईंची पहिली फिल्म

माझ्या मोठ्या दिरांची मुलगी विद्यापीठात मीडिया प्रॉडक्शन शिकायला म्हणून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा जाऊबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "पोरगी गुणी आहे गं. फक्त तिच्या डोळ्यांदेखत काही हलवू नकोस." मला वाटलं, काचेचं नाजूक सामान वगैरे आणत असेल. तसलं काही नव्हतं. एक पिशवी, एक लॅपटॉप आणि दोन डोळे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत येऊन ती सोफ्यापाशी थबकली आणि म्हणाली, "काकू, काल या उशीची फुलं खालच्या बाजूला होती."

त्या दिवसापासून ती आमच्या घरची तपासनीस बाई. नाव ठेवलं तिच्या काकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी. त्यांनी कुणाला नाव ठेवलं नाही असा माणूस आमच्या नात्यात सापडायचा नाही. पण हे नाव मात्र चपखल बसलं. भाजीत मीठ किती पडलंय ते तिला कळायचं नाही, पण मिठाच्या डब्याचं झाकण काल कुठल्या दिशेला होतं ते कळायचं.

विद्यापीठात या खोडीला चक्क एक नाव आहे, आणि तिचे तासही होतात. कंटिन्युइटी. फिल्मचे सीन म्हणे ओळीने घेत नाहीत. आज दाराबाहेरचा भाग घेतात आणि पुढच्या आठवड्यात दाराच्या आतला. मग माणूस दार ढकलताना निळ्या शर्टात आणि आत आल्यावर पांढऱ्या शर्टात, असं होऊ नये म्हणून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. बाही किती दुमडली होती, कपात चहा किती उरला होता, भांग कुठल्या बाजूला होता, सगळ्याचे फोटो काढून ठेवायचे. वर्गाला या मुलीचा गुण कळायला वेळ लागला नाही. प्रत्येक गटाला ती हवी. कुणाचीही फिल्म असो, कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर ही बसलेली आणि मधूनच हिचा आवाज, "थांबा! चष्मा मगाशी वर होता!"

एवढी मागणी असूनही ती घरी आली की चेहरा पाडून बसायची. एकदा कणीक मळता मळता मी विचारलं, तर म्हणाली, "काकू, सगळ्यांना मी लागते ती त्यांच्या चुका धरायला. माझ्याकडे काही गोष्ट आहे का, हे कुणी विचारतच नाही."

गोष्ट होती तिच्याकडे. आणि ती सांगायची संधी एकच होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाने आपली एक छोटी फिल्म करायची. ती बघून त्यांचे सर ठरवणार, शेवटच्या वर्षी कुणी दिग्दर्शनाच्या गटात बसायचं, कुणी कॅमेऱ्याच्या आणि कुणी आवाजाच्या. हिला दिग्दर्शन हवं होतं. सरांनी मात्र आधीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "तू जन्मलीसच कंटिन्युइटीसाठी." बिचाऱ्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. ही तीन दिवस जेवताना बोलली नाही.

गोष्ट साधीच होती. एकटा राहणारा म्हातारा बाप, परगावी असलेली मुलगी खूप वर्षांनी भेटायला येणार म्हणून सकाळपासून तिची वाट बघतो. खोली आवरतो, चहा ठेवतो, खिडकीशी जातो. शेवटी दार वाजतं. एवढंच. मुलीच्या कामाला नाट्य विभागातली तिची मैत्रीण तयार होती. बापासाठी मात्र तिने सगळ्या ओळखीपाळखीच्या डोक्यांवरून नजर फिरवली आणि ती काकांच्या डोक्यावर येऊन थांबली.

"काका, तुमचे केस किती छान पांढरे झालेत!"

असं कौतुक त्यांच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. फुगलेच. "म्हणजे हिरो मीच ना?"

"बाप."

"पण मुख्य बापच ना?"

पहिल्या शनिवार-रविवारी आमच्या घरात शूटिंग झालं. कॅमेरा विद्यापीठाचा आणि तो चालवणारा तिच्या वर्गातला एक मुलगा. इतका उंच, की काकांनी पाचव्या मिनिटाला त्याचं नाव शिडी ठेवलं. शिडीने आमच्या दिव्यांना दोनदा डोकं आपटलं आणि दोन्ही वेळा दिव्याचीच माफी मागितली.

काका काय काम करत होते म्हणून सांगू! विमा कंपनीत आयुष्य काढलेला माणूस; साधी खुर्ची पुसायची, तर सिंहासन पुसल्यासारखी पुसली. चहाचा घोट घेतला की डोळे मिटून छातीवर हात.

"काका, चहा आहे तो. विष नाहीये."

"भावना नको का दिसायला?"

"नको. नुसता प्या."

असे दोन दिवस गेले. त्यातला एक शॉट मात्र विलक्षण आला. काका खिडकीशी उभे होते, आणि कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. खाली त्यांच्या जागेवर कुणीतरी स्कूटर लावत होतं. ते थोडे पुढे वाकले, काचेला कपाळ टेकवलं, खूप वेळ खाली बघत राहिले आणि मग हळूच मागे सरकले. सकाळचं ऊन पांढऱ्या केसांतून आरपार येत होतं. शिडीने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं तेव्हा त्याचे डोळे ओले होते. स्कूटरचं त्याला आम्ही सांगितलं नाही.

उरलेला भाग पुढच्या शनिवार-रविवारी घ्यायचा होता: बाप तयार होतो, दार वाजतं, मुलगी येते. रविवारी संध्याकाळी कॅमेरा परत द्यायचा, तो पुन्हा मिळणार नव्हता.

चूक तिच्याकडून झाली म्हणायची तर एवढीच, की आठवड्याच्या मध्ये तिने कौतुकाने काकांना तो खिडकीचा शॉट लॅपटॉपवर दाखवला. मी पाठीमागेच उभी होते. काका लॅपटॉपच्या पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "मी इतका म्हातारा दिसतो?"

"काका, तेच तर हवंय!"

"हं," म्हणाले आणि उठले.

शनिवारी सकाळी ते "जरा दाढी करून येतो" म्हणून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. परत आले तेव्हा दार मीच उघडलं. समोर काका होते, आणि काकांच्या डोक्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी केस. काळेकुळकुळीत. मिशीसुद्धा. उजव्या कानाच्या पाळीवर कलपाचा एक ठिपकाही राहिला होता.

"कसं काय?" त्यांनी मान वळवून दाखवली. "म्हटलं, पोरीची पहिलीच फिल्म आहे. काका जरा बरा दिसला पाहिजे."

"अहो," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आतून तपासनीस बाई आल्या. जी मुलगी उलटलेल्या उशीवरून हटकते, ती आता काय करेल या विचाराने मी दोन पावलं मागे सरकले. ती ओरडली नाही. फोनमधला मागच्या आठवड्याचा फोटो काढून तिने तो काकांच्या तोंडाशेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग मटकन खाली बसली.

"काका, फिल्ममध्ये ही एकच सकाळ आहे. एका सकाळीत तुम्ही वीस वर्षांनी लहान झालात."

"वीस?" काकांना राहवलं नाही. "खरंच वीस दिसतात?"

त्या क्षणी मी त्यांना आत ओढलं नसतं, तर काय झालं असतं सांगवत नाही.

मग सुरू झाले उपाय. शिडीने सुचवलं, पावडर लावू. माझा अख्खा डबा काकांच्या डोक्यावर रिकामा झाला. तिने 'अॅक्शन' म्हणायला आणि काकांना शिंक यायला एकच गाठ पडली, आणि खोलीत असं धुकं पसरलं की कॅमेऱ्याला बाप दिसेना. टोपी घालून बघितली. काका घरात चोरी करायला आल्यासारखे दिसले. मागचं सगळं काळ्या केसांत पुन्हा घ्यावं, तर आभाळ भरून आलेलं, खिडकीत उन्हाचा पत्ता नाही. आणि ऊन असतं तरी काय! काकांना पुन्हा तसं उभं करायचं, तर खाली पुन्हा कुणाची स्कूटर आणायची?

"खिडकीचा शॉट काढून टाक," शिडी दबक्या आवाजात म्हणाला.

"तो काढला तर उरतं काय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर बरोबरच म्हणाले होते, काकू. मी बसते स्टुलावर."

हे ऐकलं आणि इतका वेळ मोरीच्या दाराशी पावडर झटकत उभे असलेले काका उसळले. राग होता की लाज, मला अजून कळलेलं नाही. "तुम्ही सगळे मला असे बघताय, जसा काही मी गुन्हा केलाय! अरे, मुलगी येणार आहे ना त्याची? इतक्या वर्षांनी? मग तिने दार उघडल्या उघडल्या 'बाबा किती थकलात' म्हणावं, हे बापाला आवडेल का? मीसुद्धा जाऊन कलपच लावला असता. लावलाच की!"

ती काकांकडे बघत होती, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच मला तपासणी दिसली नाही.

"काका," ती सावकाश उठली, "सलूनवाल्याकडे थोडा कलप उरला असेल का?"

"आता पाय पण रंगवणार आहेस का माझे?"

रविवार संध्याकाळपर्यंत घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. खिडकीपासून मागे सरलेला बाप कलप लावायला बसतो, हे तिने नव्याने लिहिलं. वाटीत कालवलेला कलप, ब्रश धरलेला थरथरता हात, काळे डाग पडलेला टॉवेल. टॉवेल माझा, चांगल्यातला. पण त्या वेळी बोलायची सोय नव्हती. थरथरता हात शिडीचा होता, कारण काकांचा काही केल्या थरथरेना. आणि शेवटी दार उघडतं. मुलगी बापाच्या काळ्या केसांकडे बघते, पुढे होऊन त्याच्या कानावरचा ठिपका अंगठ्याने पुसते. तो खराखुरा ठिपका पुसला जाऊ नये म्हणून काकांनी रविवारी अंघोळ मानेपासून खाली केली.

विद्यापीठाच्या छोट्या हॉलमध्ये सगळ्या फिल्म दाखवल्या, त्या दिवशी आम्ही दोघंही गेलो होतो. काका पडद्यावर काळे होऊन वळले तेव्हा मुलं खो खो हसली. शेजारी काका खुर्चीत खाली खाली घसरले. मी त्यांचा हात धरला. मग दार उघडलं, अंगठा कानापाशी गेला, आणि हसणं कुठे विरलं कळलंच नाही. काका हळूहळू पुन्हा वर आले.

दिवे लागल्यावर सरांनी तिला उभं केलं. "ही कलपाची कल्पना संहितेत पहिल्यापासून होती?"

मी मनात म्हटलं, हो म्हण बाई, कोण विचारायला येतंय!

"नाही सर. काका मध्येच केस रंगवून आले. मग मला बदलावं लागलं."

हॉल पुन्हा हसला. काकांनी ते हसणं आपल्या खात्यावर जमा करून घेतलं आणि उठून दोन्ही बाजूंना वाकून नमस्कार केला. मी शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

सर मात्र हसले नाहीत. "बदलता आलं," ते म्हणाले, "हेच मला बघायचं होतं. पुढच्या वर्षी दिग्दर्शनाच्या गटात ये. आणि एवढं सगळं होऊनही फिल्ममध्ये एक चूक नाही, हे विशेष."

आता बसायचं ना पोरीने? ती उभीच.

"आहेत, सर. चार आहेत. पहिली म्हणजे चहाच्या सीनमध्ये बशी..."

मागच्या रांगेतून शिडीचा लांबलचक हात आला आणि तिच्या पिशवीचा पट्टा धरून त्याने तिला खाली बसवलं. बसल्या बसल्या उरलेल्या तीन तिने माझ्या कानात सांगितल्या.